पाहुणचार न करणारी जगे: काही दुर्लक्षित अभिजात आरपीजींविषयी

जुन्या, अभिजात संगणकीय रोल-प्लेइंग खेळांचा (आरपीजी, म्हणजे ज्यांत आपण एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याला घडवत नेतो असे खेळ) विषय निघाला की 'फॉलआउट', 'बाल्डर्स गेट' आणि 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' ही नावे हमखास घेतली जातात. त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. पण त्याच काळात, त्यांच्या थोडे आधी किंवा थोडे नंतर, असे काही खेळ झाले की ज्यांची नावे जाणकारांच्या तोंडी असली तरी ते प्रत्यक्ष शेवटपर्यंत खेळलेली माणसे क्वचितच भेटतात. त्यांतले काही मी पुन्हा पुन्हा खेळलो आहे, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण एकाच गुणात आहे. जगाचे जे नियम इतरांना लागू असतात, तेच या खेळांत खेळाडूलाही लागू होतात. खेळाडू आला म्हणून तिथे कोणी पायघड्या घालत नाही. ही वागणूक पहिल्या तासाभरात जाचते आणि बरेच जण तिथेच खेळ सोडून देतात. पुढचे काही तास तग धरला, तर त्याच वागणुकीमुळे ते जग खरे वाटू लागते.

या गुणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मायक्रोप्रोझ कंपनीचा 1992 सालचा 'डार्कलँड्स'. आर्नोल्ड हेंड्रिक हे त्याचे प्रमुख रचनाकार. खेळ पंधराव्या शतकातल्या पवित्र रोमन साम्राज्यात, म्हणजे ढोबळमानाने त्या काळच्या जर्मन प्रदेशात घडतो. कोलोन, न्यूरेम्बर्ग, ल्यूबेक ही खरी शहरे नकाशावर आहेत आणि फ्लोरिन, ग्रोशेन व फेनिग ही त्या काळची नाणी व्यवहारात आहेत. त्यात एक विलक्षण कल्पना आहे: तेव्हाचे लोक ज्या गोष्टी खऱ्या मानत होते, त्या सगळ्या या जगात खऱ्या आहेत. खाणीत कोबोल्ड नावाची खोडसाळ भुते आहेत, रानात चेटकिणींचे मेळावे भरतात आणि संतांची प्रार्थना केली तर ती फळते.

पात्रे तयार करण्याची पद्धत आजही मला थक्क करते. इथे योद्धा, जादूगार असे ठरीव वर्ग नाहीत आणि अनुभवाने चढत जाणाऱ्या पायऱ्या, म्हणजे लेव्हलही नाहीत. पात्राचे बालपण कोणत्या घरात गेले ते आधी ठरवायचे आणि मग त्याचे आयुष्य पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी घडवायचे: पाच वर्षे शिपाईगिरी, पाच वर्षे मठात, पाच वर्षे किमयागाराच्या हाताखाली. प्रत्येक टप्प्यावर कौशल्ये वाढतात आणि वयही वाढते. मी एकदा एका किमयागाराला हावरटपणे शिकवत राहिलो. तो खेळात उतरला तेव्हा ज्ञानाने समृद्ध होता, पण ताकद आणि दम इतका ओसरला होता की जड चिलखत घालून चार पावले चालणेही त्याला झेपेना. हातात तरुण शिपाई घ्यावा की जाणता वृद्ध, हा निर्णय बहुतेक खेळांत आकड्यांचा असतो. इथे तो माणसाच्या आयुष्याचा हिशोब होतो.

जादू म्हणून इथे दोनच गोष्टी आहेत, किमया आणि संत. संत शंभराहून अधिक आहेत आणि प्रत्येकाचे सामर्थ्य वेगळे आहे. त्यांची माहिती आधी चर्चमध्ये किंवा मठात जाऊन मिळवावी लागते. लॅटिन बोलता येणे आणि लिहिता-वाचता येणे ही त्यासाठी स्वतंत्र कौशल्ये आहेत. प्रार्थना सफल होईल की नाही, हे पात्राचे सदाचरण आणि गाठीशी असलेली ईश्वरी कृपा यांवर ठरते. रात्री शहराच्या वेशीपाशी पोहोचलो, दरवाजे बंद आहेत, तर पुढे काय करायचे? गयावया करावी, लाच द्यावी, भिंत चढावी, एखाद्या संताचा धावा करावा, किंवा बाहेर रानात रात्र काढावी. असे पर्याय जलरंगातल्या सुंदर चित्राशेजारी लिहून येतात. त्यांतला कोणता साधेल, हे आपल्या टोळीतल्या चार पात्रांच्या अंगी काय आहे यावर ठरते. लढाया रिअल-टाइममध्ये, म्हणजे पाळीची वाट न पाहता सलग होतात आणि हव्या तेव्हा थांबवून आज्ञा देता येतात. ही पद्धत पुढे 'बाल्डर्स गेट'ने 1998 मध्ये घरोघरी पोहोचवली, पण इथे ती सहा वर्षे आधीच होती.

दोषही सांगायला हवेत. बाजारात आला तेव्हा हा खेळ त्रुटींनी भरलेला होता आणि त्या बदनामीनेच त्याचा घात केला. आज मिळणारी आवृत्ती दुरुस्त केलेली आहे. पण प्रवासातले प्रसंग पुन्हा पुन्हा तेच येतात, खाणींतली भटकंती कंटाळवाणी आहे आणि मुख्य कथेचा धागा सापडेपर्यंत बराच काळ जातो. ज्याला कथेने हाताला धरून न्यावे असे वाटते, त्याच्यासाठी हा खेळ नाही. एका काळात, एका प्रदेशात काही महिने राहून यावे असे ज्याला वाटते, त्याने मात्र हा चुकवू नये.

दुसरा खेळ 'आर्केनम: ऑफ स्टीमवर्क्स अँड मॅजिक ऑब्स्क्युरा', 2001 सालचा. 'फॉलआउट' घडवणाऱ्यांपैकी टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी 1998 मध्ये ट्रॉइका गेम्स ही कंपनी काढली आणि तिचा हा पहिला खेळ. कंपनी 2005 मध्ये बंद पडली. तिच्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स'ला पुढे चाहत्यांचा मोठा वर्ग मिळाला, पण 'आर्केनम' त्या मानाने मागेच राहिला.

एल्फ, बुटके आणि अर्ध-ऑगर यांच्या जुन्या कल्पित जगात औद्योगिक क्रांती झाली तर काय होईल, हा या खेळाचा गाभा आहे. वाफेचे इंजिन निसर्गनियमांवर चालते आणि जादू त्याच नियमांना वाकवते, त्यामुळे दोन्ही एकमेकांजवळ नीट चालत नाहीत. हे तत्त्व नुसत्या वर्णनात राहिलेले नाही, ते प्रत्येक आकडेमोडीत उतरले आहे. आपले पात्र जादूकडे झुकते आहे की तंत्रज्ञानाकडे, हे दाखवणारा एक काटा असतो. काटा जादूकडे गेला की बंदुका हातात दगा देऊ लागतात. तो यंत्रांकडे गेला की मंतरलेल्या तलवारीचा प्रभाव ओसरतो. कळस असा की जादूत फार पुढे गेलेल्या पात्राला रेल्वेत बसू दिले जात नाही, कारण त्याच्या नुसत्या असण्याने इंजिन बिघडण्याची भीती असते.

माझ्या पहिल्या खेपेला मी बंदुका बनवणारा कारागीर निवडला होता. सुरुवातीलाच भेटणारा सोबती व्हर्जिल हा मंत्राने जखमा भरणारा आहे. मी तंत्रविद्येत जसजसा पुढे जात गेलो, तसतसे त्याचे मंत्र माझ्यावर कमी लागू पडू लागले. सुरुवातीला मला तो खेळाचा बिघाडच वाटला. मग लक्षात आले की मी निवडलेल्या वाटेची किंमत माझ्याकडून वसूल होते आहे, आणि त्या क्षणापासून मी वनस्पती गोळा करून मलमे बनवायला शिकलो. खेळाने मला कुठेही धडा दिला नव्हता, फक्त नियम पाळला होता.

संवादांतही हीच शिस्त आहे. बुद्धी अगदी कमी ठेवून पात्र तयार केले, तर त्याचे सगळे संभाषण वेगळे, तुटक शब्दांत लिहिलेले आहे आणि लोक त्याच्याशी त्याच पायरीवर बोलतात. टॅरंट शहरात वर्तमानपत्रे विकत मिळतात आणि त्यांत आपण ज्यातून वाचलो त्या 'झेफिर' नावाच्या हवाई जहाजाच्या दुर्घटनेची बातमी वाचता येते. पार्श्वसंगीत चार तंतुवाद्यांच्या संचाने वाजवलेले आहे. रिकाम्या माळरानावर ते ऐकताना जो उदासपणा दाटून येतो, तो ढोल-तुताऱ्यांनी कधीच साधला नसता.

लढाई मात्र या खेळाची मोठीच दुबळी बाजू आहे. रिअल-टाइम आणि टर्न-बेस्ड (पाळीपाळीने चाल करण्याचा) असे दोन्ही प्रकार दिले आहेत, पण पहिला गोंधळाचा आहे आणि दुसरा असमतोल. सुरुवातीचा एक साधा मंत्र शेवटपर्यंत पुरतो, तर बंदूकधाऱ्याला सुरुवातीचे कितीतरी तास हाल सोसावे लागतात. ब्लॅक माउंटन क्लॅनच्या खाणींत असे दगडी राक्षस आहेत की त्यांच्यावर घाव घातला तर आपलेच शस्त्र झिजते. तिथे अनेकांनी हा खेळ सोडला असेल, यात मला शंका नाही. माझा सल्ला असा की लढाई टर्न-बेस्डच ठेवावी, चाहत्यांनी तयार केलेला अनधिकृत पॅच (त्रुटी सुधारणारी जोड) आधी बसवावा आणि पहिल्या खेपेला जादूगार निवडावा. कारागिराची खेप दुसऱ्यांदा अधिक रंगते.

'बिट्रेयल ॲट क्रोंडोर' हा डायनॅमिक्सचा 1993 सालचा खेळ त्याच्या दृश्य रूपामुळे मागे पडला. वेशभूषा केलेल्या नटांची छायाचित्रे आणि टोकदार त्रिकोणी डोंगर आज पाहवत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण मजकूर वाचायला लागले की डोंगर विसरले जातात. रेमंड फीस्ट यांच्या मिडकेमिया या कल्पित जगात घडणारी ही कथा नऊ अध्यायांची आहे. ती खेळासाठी नील हॉलफर्ड यांनी लिहिली आणि नंतर, 1998 मध्ये, फीस्ट यांनी त्याच कथेवर कादंबरी लिहिली. प्रत्येक अध्यायात सोबतचे लोक बदलतात, त्यामुळे एकाच घटनेच्या दोन बाजू आपल्याला दोन वेगळ्या माणसांबरोबर चालून कळतात.

इथे रोज प्रत्येकाला शिधा लागतो. शिध्यात विषारी आणि नासका असेही प्रकार असतात आणि न बघता खाल्ले तर पात्र आजारी पडते. तलवार बोथट होते, तिला सहाणेवर धार लावावी लागते. लढाईत पडलेला सोबती मरत नाही, पण मरणासन्न होतो, आणि त्याला सावरायला कित्येक दिवसांची विश्रांती व औषधी लागतात. कौशल्ये वापराने वाढतात: खानावळीत ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत राहिले तर वादन सुधारते आणि चार नाणीही मिळतात. वाटेत मोरेडेल, म्हणजे त्या जगातल्या काळ्या एल्फ लोकांच्या पेट्या सापडतात. पेटीवर एक पद्यमय कोडे असते आणि खाली अक्षरांची चाके. उत्तराचा शब्द जुळवला की झाकण उघडते. उत्तर किती अक्षरी आहे हे चाके मोजून कळते आणि प्रत्येक चाकावर मोजकीच अक्षरे असतात, त्यामुळे कोडे सुटले नाही तरी शब्द हुडकता येतो. कोडी इंग्रजी शब्दांच्या खेळावर बेतलेली असल्यामुळे काही ठिकाणी अडायला होते. पण स्वतः विचार करून उघडलेली ती पहिली पेटी माझ्या अजून लक्षात आहे, आणि आत काय होते ते मात्र आठवत नाही.

जर्मनीच्या पिरान्या बाइट्सचा 'गॉथिक' (2001) युरोपात नावाजला गेला, इतरत्र तितका नाही. त्याचे कारण बहुधा त्याचे कीबोर्डवरचे अवघड नियंत्रण असावे. जादूच्या घुमटाखाली अडकलेल्या कैद्यांच्या वसाहतीत आपण नवखे कैदी म्हणून फेकले जातो. तलवार शिकण्याआधी आपले पात्र एकहाती तलवारही दोन्ही हातांनी, अवघडून धरते. गुरूकडून शिकल्यावर तीच तलवार एका हातात सहज फिरू लागते. प्रगती आकड्यांऐवजी डोळ्यांना दिसते, याहून चांगली रीत मला दुसरीकडे आढळली नाही. कोणाच्या झोपडीत शिरले तर तो आधी दटावतो, मग शस्त्र उपसतो. हरलो तर तो आपल्याला जिवंत सोडतो आणि खिशातले खनिज (तेच तिथले चलन) घेऊन चालू लागतो. शेवटचे अध्याय घाईत उरकल्यासारखे वाटतात, पण पहिला अध्याय अजोड आहे.

सर-टेक कॅनडाचा 'विझर्ड्री 8' (2001) फक्त संथ टर्न-बेस्ड लढाईची आवड असणाऱ्यांसाठी आहे. सहा पात्रांची जुळवाजुळव आणि त्यांचे आपापल्या स्वभावाप्रमाणे बोलणे सुरेख आहे, परंतु रस्त्यावरच्या लढाया सहनशक्ती संपेपर्यंत लांबतात.

हे सगळे खेळ आज जीओजी या ऑनलाइन दुकानात विकत मिळतात. डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळातल्यांना ते आजच्या संगणकावर चालवणारे डॉसबॉक्स जोडलेलेच असते आणि मॅन्युअलही सोबत येते. ते मॅन्युअल आधी वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या काळी खेळाचा अर्धा भाग पुस्तिकेत छापलेला असे, कारण पडद्यावर शिकवणी देण्याची पद्धतच नव्हती. 'डार्कलँड्स'ची पुस्तिका न वाचता खेळायला बसणे म्हणजे नकाशा घरी ठेवून रानात शिरणे.

कोणापासून सुरुवात करावी, असे विचारले तर मी यांतले कोणतेच नाव घेणार नाही. सुरुवात 'अल्टिमा अंडरवर्ल्ड: द स्टिजियन ॲबिस'पासून करावी. मार्च 1992 मध्ये आलेला हा खेळ पुढे लुकिंग ग्लास म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि 'सिस्टीम शॉक' व 'थीफ' घडवलेल्या चमूने केला होता. तो आटोपशीर आहे: आठ मजल्यांची एकच अंधारकोठडी. एका सरदाराच्या मुलीला पळवल्याचा आळ घेऊन आपल्याला आत ढकलतात आणि मागे दार बंद होते. पहिल्याच मजल्यावर गॉब्लिनांच्या दोन टोळ्या राहतात. त्यांच्याशी लढायलाच हवे असे नाही, बोलताही येते. खाली सरडेमानवांची भाषा एकेक शब्द करत शिकावी लागते. मशाली जळून संपतात, भूक लागते, मंत्रासाठी रून, म्हणजे मंत्राक्षरे कोरलेले दगड, गोळा करून त्यांची जुळणी करावी लागते. आपण चालू तसा नकाशा आपोआप रेखला जातो आणि त्यावर हवे तिथे आपल्या शब्दांत टिपणे लिहिता येतात. माझ्या नकाशावर पहिल्या मजल्याच्या एका कोपऱ्यात अजूनही लिहिलेले आहे: 'इथे पाणी, मासे मिळतात, रात्री थांबायला बरे.'