लकी ड्रॉ भरावा का? पेपरचं कूपन, मासिकाचं पाकीट आणि स्क्रॅच कार्ड

कापसाचा चुकारा हाती यायच्या सुमारास आपल्याकडे बक्षिसांच्या कागदांचाही हंगाम असतो. कुठे पेपरची कूपन योजना, कुठे मासिकाचं वर्गणीसोबत सोडतीचं आमिष, आणि पोस्टमन आणून देतो ते न मागवलेलं स्क्रॅच कार्ड. तिन्हींवर चित्र कारचंच असतं. म्हणून एका घरी तिन्ही भरतात आणि दुसऱ्या घरी तिन्ही चुलीत जातात.

माझं मत विचाराल तर यातलं पेपरचं कूपन भरावं, पण पेपर आधीपासून घरी येत असेल तरच. रोजचं कूपन कापायचं, प्रवेशिकेवरच्या त्या नंबरच्या चौकोनात चिकटवायचं (आमच्याकडे डिंकाच्या बाटलीपेक्षा भाताची शितंच जास्त खपतात) आणि शेवटी एजंटकडे द्यायचं. टपालखर्च नाही, तालुक्याला फेरी नाही. बऱ्याच योजनांत प्रवेशिका पूर्ण भरली की बादली, डबा असं काहीतरी हमखास मिळतं. कारचं नशीब वेगळं. अडचण एकच. नाल्याला पूर आला, एसटी आली नाही, की त्या दिवशीचा पेपर नाही आणि कूपनही नाही. किती कूपनं कमी चालतात ते नियमांत पहिल्याच दिवशी बघून ठेवा. नाहीतर शेवटच्या आठवड्यात एका कूपनासाठी गावभर "काहून भाऊ, तुमच्याकडं जुना पेपर आहे का?" करत फिरावं लागतं.

मासिकाच्या सोडतीचा हिशोब वेगळा. समजा बक्षीस 1 लाखाचं आहे आणि प्रवेशिका आल्या 2 लाख. मग तुमच्या प्रवेशिकेची सरासरी किंमत झाली 50 पैसे. साधं पोस्टकार्डही 50 पैशांचंच, पण स्पर्धांसाठी टपाल खात्याचं वेगळं स्पर्धा पोस्टकार्ड आहे, ते 10 रुपयांचं. त्यात नुसत्या सोडतीपायी वर्षाची वर्गणी भरली तर विषयच संपला. मुलांना वाचायला मासिक हवंच असेल तर खुशाल घ्या, सोबतची प्रवेशिकाही भरा.

या धंद्याचं मूळ रूप बघायचं तर अमेरिकेकडे बघावं लागतं. तिथे मासिकांची वर्गणी खपवायला घरोघरी सोडतीची पाकिटं जायची. वर्गणी घेतली तर नंबर लवकर लागेल, असा लोकांचा समज व्हायचा. म्हणून 1999 च्या कायद्याने पाकिटावर स्पष्ट छापायला लावलं की काही विकत घ्यायची गरज नाही आणि घेतल्याने संधी वाढत नाही. तरी पब्लिशर्स क्लिअरिंग हाऊस या तिथल्या सगळ्यात गाजलेल्या कंपनीला 2023 मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात 1 कोटी 85 लाख डॉलर मोजावे लागले. एप्रिल 2025 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 'आयुष्यभर पैसे' जिंकलेल्या काही जणांचे हप्तेही थांबले.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार योजनेचा निकाल लपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ज्या पेपरात जाहिरात आली त्यातच निकाल यायला हवा. म्हणून जाहिरातीचं कात्रण जपून ठेवा. निकाल आलाच नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

आता स्क्रॅच कार्ड. आपण कुठे भाग घेतला नाही, तरी नाव-पत्ता छापलेलं पाकीट येतं आणि खरवडलं की दरवेळी गाडीच निघते. फोन केला की समोरचा गोड हिंदीत सांगतो, आधी टॅक्स भरा. इथे शिकलेली माणसंही फसतात, कारण त्यात अर्धं खरं आहे. 10 हजारांवरच्या बक्षिसावर 30 टक्के कर कापला जातो, आणि बक्षीस वस्तूचं असेल तर कर भरल्याशिवाय ती वस्तू देता येत नाही. 90 हजारांची मोटारसायकल लागली तर 27 हजार कर. तो आयोजक स्वतः भरतात किंवा तुमच्याकडून घेतात, ते नियमांत असतं. पण खरा कर पॅन नंबरवर सरकारकडे जमा होतो आणि आयकराच्या नोंदीत दिसतो. कुण्या माणसाच्या खात्यात किंवा क्यूआर कोडवर मागितला, तर तो टॅक्स नव्हे.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका. जितक्या लवकर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त. घरच्यांना काय सांगायचं ते त्यानंतर बघा.

आणि कुठलीही प्रवेशिका असो, आधार किंवा बँक पासबुकाची झेरॉक्स जोडायला सांगितली असेल तर भरू नका. नंबर लागल्यावर कागद मागणं ठीक आहे, सोडतीआधी त्यांचं काय काम?