प्रेफरन्स शेअर की कन्व्हर्टिबल डिबेंचर? रेट हलत असताना पैसे कुठे टाकायचे

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या रेटने पैसे देते तो, ६.५० टक्क्यांवरून खाली आणायला सुरुवात केली, जूनपर्यंत तो ५.५० वर आला, बँकांनी एफडीचे रेट उतरवले आणि बडोद्यात आपल्या लोकांमध्ये लगेच शोधाशोध सुरू झाली. दांडियाबाजार असो, रावपुरा असो की मांजलपूर, एफडी मॅच्युअर झालेल्या माणसापुढे कुणीतरी ओळखीतला ब्रोकर दोन कागद ठेवतोच, एक प्रेफरन्स शेअरचा (ठरलेला डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, देणारा शेअर) आणि एक कन्व्हर्टिबल डिबेंचरचा (कंपनीला व्याजाने दिलेलं कर्ज, ज्याचं पुढे शेअरमध्ये रूपांतर, म्हणजे कन्व्हर्जन, होऊ शकतं), आणि सांगतो की दोन्ही "एफडीसारखंच, फक्त थोडं जास्त". माझ्या मावसभावाकडे आणि त्याच्या रिटायर झालेल्या वडिलांकडे असेच दोन कागद आले, ते दोघं एकाच घरात राहतात पण दोघांना उत्तर वेगळं लागतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

माझं मत आधी सांगून टाकते. रेट वर जाणार की खाली, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी दोन गोष्टी बघायच्या, प्रेफरन्समध्ये मुद्दल परत मिळायची तारीख, आणि डिबेंचरमध्ये कन्व्हर्जन आपल्या मर्जीचं आहे की सक्तीचं. हे कळलं की रेटचा परिणाम किती होणार ते जवळजवळ तिथेच ठरतं.

प्रेफरन्स शेअरचं गणित सोपं आहे. समजा १०० रुपयांचा शेअर, ८ टक्के डिव्हिडंड, मुदत १० वर्षं. उद्या तशाच कंपनीचा नवा कागद १० टक्के द्यायला लागला तर तुमचा शेअर कुणी १०० ला घेणार नाही, हिशोबाने त्याची किंमत ८८ च्या आसपास येते. उलट रेट ६ वर आला तर ११५ च्या जवळ जाते. पण तोच शेअर तीन वर्षांत परत मिळणारा असेल तर तेवढ्याच फरकाने किंमत ९५ किंवा १०५ एवढीच हलते. म्हणजे कंपनी तीच, डिव्हिडंड तोच, पण तारीख जवळ असली की रेटचा मार कमी बसतो आणि फायदाही कमीच मिळतो. वर बऱ्याच कागदात कंपनीला मुदतीआधी पैसे परत करायचा हक्क ठेवलेला असतो, मग रेट पडले की कंपनी स्वस्तात नवे पैसे उभे करून तुमचा कागद बंद करते, तो ११५ चा भाव तुमच्या हातात येतच नाही, आणि रेट वाढले तर मात्र ती तुम्हाला शेवटपर्यंत थांबवते. हा कॉलवाला कलम असेल तर मी तरी लांब मुदतीचा प्रेफरन्स घेणार नाही.

आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ प्रमाणे कधीच परत न होणारे प्रेफरन्स शेअर काढताच येत नाहीत, जास्तीत जास्त २० वर्षं, इन्फ्रास्ट्रक्चरच्या कामांना त्याहून जास्त मुभा आहे. हे मुद्दाम सांगतेय कारण बडोद्यातल्या बऱ्याच घरातली मुलं कॅनडा-अमेरिकेत आहेत आणि तिकडून सल्ले येतात. कॅनडात रेट-रीसेट नावाचे प्रेफर्ड असतात, त्यांचा डिव्हिडंड दर पाच वर्षांनी तिथल्या सरकारी बाँडच्या रेटवर नव्याने ठरतो, त्यामुळे रेट चढले की त्यांना फायदा होतो आणि पडले की तोटा. अमेरिकेत बँकांचे बरेच प्रेफर्ड मुदत नसलेले असतात, २०२२ मध्ये फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, रेट भराभर वाढवले तेव्हा ते जोरात आपटले. आपला ठरावीक डिव्हिडंडवाला, ठरावीक तारखेचा शेअर या दोघांसारखाही वागत नाही, तेव्हा भाच्याने टोरांटोहून पाठवलेला हिशोब इथे लावू नका.

आता जी गोष्ट ब्रोकर सांगत नाही ती. डिव्हिडंड फक्त नफ्यातून देता येतो. नफा नाही तर डिव्हिडंड नाही, आणि तो न दिल्याबद्दल तुम्ही कंपनीला डिफॉल्टर म्हणू शकत नाही. क्युम्युलेटिव्ह असेल तर राहिलेला पुढे साचतो, नॉन-क्युम्युलेटिव्ह असेल तर गेला तो गेला. दोन वर्षं डिव्हिडंड थकला तर तुम्हाला सगळ्या ठरावांवर मत द्यायचा हक्क मिळतो, पण घर चालवायला मत काय कामाचं. मुद्दलसुद्धा नफ्यातून नाहीतर नव्या शेअरच्या पैशातूनच परत करता येतं, आणि कंपनीकडे ते नसेल तर तीन चतुर्थांश प्रेफरन्सवाल्यांची संमती आणि कंपनी कायद्याच्या ट्रिब्युनलची मंजुरी घेऊन ती जुन्याच्या बदल्यात नवे प्रेफरन्स शेअरच हातात ठेवू शकते. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की असा शेअर धरणारा हा कंपनीचा फायनान्शियल क्रेडिटर, म्हणजे तिला कर्ज देणारा, नाही, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज घेऊन तुम्ही जाऊ शकत नाही. आणि कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कंपनीला कर्ज देणाऱ्या सगळ्यांचं देऊन झाल्यावर, फक्त इक्विटीवाल्यांच्या, म्हणजे साध्या शेअरवाल्यांच्या, आधी तुमचा नंबर. २०१८ मध्ये इन्फ्रास्ट्रक्चरला पैसे पुरवणारा आयएलअँडएफएस ग्रुप कोसळला, काही महिन्यांपूर्वीपर्यंत मुख्य कंपनीचं रेटिंग ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, होतं, आणि ग्रुपचे प्रेफरन्स शेअर घेतलेले लोकही अडकले. त्यांचा रेटचा अंदाज बरोबर होता की चूक याला तेव्हा काही अर्थच उरला नव्हता.

चांगलं उदाहरणही आहे. झी एंटरटेनमेंटने २०१४ मध्ये शेअरहोल्डरांना ६ टक्क्यांचे बोनस प्रेफरन्स शेअर दिले होते, ते बाजारात लिस्टेड होते आणि मुद्दल एकदम न देता हप्त्याहप्त्याने परत करत २०२२ मध्ये संपवले. हप्त्यांमुळे दरवर्षी थोडे पैसे मोकळे होतात आणि त्यावेळच्या रेटला पुन्हा लावता येतात, रेट चढत असतील तर ही रचना मला सगळ्यात आवडते.

कन्व्हर्टिबल डिबेंचरमध्ये दोन गोष्टी एकत्र असतात, कर्ज आणि शेअर घ्यायचा हक्क, आणि या हक्काच्या बदल्यात तुम्ही व्याज कमी घेता. समजा १००० रुपयांचं डिबेंचर, ६ टक्के व्याज, पाच वर्षं, आणि हवं तर २०० च्या भावाने पाच शेअर. त्याच कंपनीचं साधं डिबेंचर ८ टक्के देत असेल तर कर्ज म्हणून तुमच्या कागदाची किंमत ९२० च्या आसपास आहे. शेअर १५० वर असला, म्हणजे कन्व्हर्ट करून ७५० च मिळत असले, तरी कंपनी धड आहे तोवर हा कागद ९२० च्या फार खाली जायला नको. आता रेट वाढून ते साधं डिबेंचर १० टक्के द्यायला लागलं की ही खालची पातळी ९२० वरून ८४८ वर घसरते. म्हणजे रेटचा परिणाम इथेही आहेच. पण शेअर २६० वर गेला तर पाच शेअरचेच १३०० होतात आणि मग रेट ८ आहे की १० याने फार फरक पडत नाही. रेट चढताहेत, पण धंदा जोरात आहे आणि कंपनीवर कर्ज कमी आहे, अशा वेळी हा कागद प्रेफरन्सपेक्षा बराच बरा. मात्र रेट चढताहेत आणि कंपनी कर्जात बुडालेली आहे, तर व्याजाचा बोजा वाढून शेअरही पडतो, खालची पातळीही घसरते, दोन्हीकडून मार.

आणि हे सगळं फक्त ऑप्शनल, म्हणजे कन्व्हर्जन आपल्या मर्जीचं, असेल तर! कम्पल्सरी कन्व्हर्टिबल असेल तर ९२० ची पातळी वगैरे काही नाही, ठरलेल्या दिवशी तुम्ही शेअरहोल्डर होणारच, भाव काहीही असो. टाटा स्टीलचं उदाहरण घ्या, ते प्रेफरन्स होते पण तत्त्व तेच. २००७ च्या शेवटी राइट्समध्ये, म्हणजे आधीच्या शेअरहोल्डरांना दिलेल्या इश्यूत, २ टक्क्यांचे १०० रुपयांचे कन्व्हर्टिबल प्रेफरन्स शेअर आले, सहा शेअरचा एक इक्विटी शेअर, म्हणजे भाव ६०० पडला, आणि कन्व्हर्जनचा दिवस १ सप्टेंबर २००९. मध्ये २००८ ची मंदी आली, त्या दिवशी बाजारभाव ६०० च्या बराच खाली होता, पण सगळ्यांना ६०० नेच शेअर घ्यावे लागले. आणि तेव्हा तर रिझर्व्ह बँकेने रेट भरपूर कमी केलेले होते, रेटकडे बघून घेणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात कन्व्हर्टिबल म्हटलं की ऐंशीच्या दशकातला रिलायन्सचा काळ येतो, मावसभावाचे वडील, म्हणजे काकाही तेच म्हणाले. तेव्हाचा फायदा खरा होता. पण तेव्हा इश्यूचा भाव कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीने ठरायचा, बऱ्याचदा बाजारापेक्षा बराच कमी, म्हणून कन्व्हर्ट झाल्याबरोबर पैसे सुटायचे. १९९२ मध्ये ती पद्धत गेली. आज कन्व्हर्जनचा भाव कंपनी आणि तिचे सल्लागार ठरवतात, तेव्हा आजच्या बाजारभावाशी तो ताडून बघायचं काम तुमचं. आणि लोकांकडून पैसे गोळा करणारा सहारा ग्रुप विसरू नका, तिथेही कागदाचं नाव ऑप्शनली फुली कन्व्हर्टिबल डिबेंचरच होतं, ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे १५ टक्के व्याजासकट परत करायला सांगितलं तरी लोक पुढे कितीतरी वर्षं वाट बघत बसले.

टॅक्समध्ये आता फारसा फरक उरला नाही. मार्च २०२० पर्यंत बहुतेकांना डिव्हिडंड हातात टॅक्स फ्री यायचा, तीस टक्क्यांच्या स्लॅबवाल्याला ८ टक्के डिव्हिडंड म्हणजे साडेअकरा टक्के व्याजासारखा पडायचा, प्रेफरन्सची अर्धी गोडी त्यातच होती. आता डिव्हिडंडही स्लॅबमध्ये, व्याजही स्लॅबमध्ये. कन्व्हर्जनच्या दिवशी टॅक्स लागत नाही, शेअर विकाल तेव्हा लागतो, आणि कागद धरून ठेवलेला आधीचा काळही मोजला जातो.

काकांना मी दोन्हीला नको सांगितलं. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम २०२५ मध्ये ८.२ टक्के देत होती, ३० लाखांपर्यंत, सरकारची हमी, दर तिमाहीला व्याज. तिथली मर्यादा भरलेली नसताना ८ टक्क्यांच्या प्रेफरन्सचा धोका कशासाठी घ्यायचा? रेट चढायची भीती असेल तर रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बाँड आहेत, त्यांचं व्याज दर सहा महिन्यांनी पोस्टाच्या एनएससीच्या रेटप्रमाणे बदलतं, फक्त पैसे सात वर्षं अडकतात, साठीच्या पुढच्यांना वयाप्रमाणे थोडे आधी काढता येतात. हे सगळं भरून उरलेल्या पैशातच, लिस्टेड, क्युम्युलेटिव्ह, तीन-चार वर्षांत परत होणारा प्रेफरन्स बघावा, आणि तोही शेवटपर्यंत धरायच्या तयारीने, कारण लिस्टेड असला तरी विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

मावसभावाचं वेगळं. वय चाळिशीत, पगार चालू, मकरपुरा जीआयडीसीतल्या ज्या धंद्याचा कागद आहे तो धंदा त्याला आतून माहितीये. त्याने ऑप्शनल डिबेंचर थोडं घ्यावं असं मला वाटतं, कम्पल्सरी असेल तर तेवढेच पैसे जेवढे तो शेअरमध्ये टाकायला तयार आहे. अशी अनलिस्टेड ऑफर एका वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना देता येत नाही, तुमच्या नावाचं ऑफर लेटर हवं, आणि पैसे बँकेतूनच द्यायचे, कॅश मागितली तर तिथेच उठायचं. साठ दिवसांत अलॉटमेंट झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत मिळायला हवेत, नाही दिले तर १२ टक्के व्याज लागतं. आणि कागदावर सिक्युअर्ड, म्हणजे तारण असलेलं, लिहिलं असेल तर केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या वेबसाईटवर त्या कंपनीवरचे चार्ज, म्हणजे तारणाचे हक्क, बघून घ्या, कुठल्या मशिनरीवर की जमिनीवर चार्ज आहे आणि त्याच मालमत्तेवर बँकेचा आधीचा चार्ज किती आहे ते तिथे दिसतं, थोडीशी फी भरावी लागते एवढंच.