पुण्याचं चालू घडामोडींचं मासिक सीमाभागात वापरताना: वर्गणी भरावी का?

गेल्या ऑगस्टपासून हे मासिक घेते. छापील अंक आणि सोबत ॲप, अशी वर्षाची वर्गणी. नाव लिहीत नाही. पुण्याहून निघतं, मराठीत आहे आणि स्पर्धा परीक्षावाल्यांच्या टेबलावर हमखास दिसतं, एवढं पुरे. मी निपाणीची, सध्या अभ्यासासाठी बेळगावात टिळकवाडीला राहते. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहायची आहे. निपाणी महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांत येते, त्यामुळे एमपीएससीचा अर्जही भरता येतो. हे आधी सांगितलं, कारण सदाशिव पेठेतल्या मुलाला या मासिकाबद्दल वेगळं वाटेल आणि त्याचंही बरोबरच असेल.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. एखादा विषय मुळापासून समजून घ्यायचा असेल तर पैसे वसूल. तारखा आणि आकडे मात्र दुसरीकडे पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नका. आणि कर्नाटकाची अपेक्षा अजिबात ठेवू नका.

चांगलं आधी. दर अंकात दोन-तीन मोठे लेख असतात, त्यांच्यासाठीच मी हे घेते. सहकारावरचा लेख वाचला तेव्हा आमच्याच गल्लीतल्या पाट्या मला पहिल्यांदा नीट कळल्या. बेळगाव-निपाणीकडे पावलोपावली सोसायटी आहे. कुणाच्या नावात ‘सौहार्द’ असतं, कुणाच्या नावात ‘मल्टिस्टेट’. लहानपणापासून हे वाचत आलो, फरक कुणी सांगितला नव्हता. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय, नोंद ३२. पण संस्थेचा कारभार एका राज्यापुरता राहिला नाही की ती संघसूचीच्या नोंद ४४ मध्ये जाते. म्हणून ‘सौहार्द’वाली संस्था कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखाली, आणि कोल्हापुरातही सभासद असलेली मल्टिस्टेट २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली, तिचा निबंधक दिल्लीत. इथपर्यंत आल्यावर लेखाने ९७ वी घटनादुरुस्ती घेतली, सहकारी संस्थांसाठी घटनेत भाग नऊ-ब घालणारी. निम्म्या राज्यांची मान्यता घेतली नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये भाग नऊ-ब राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द केला आणि मल्टिस्टेटपुरता ठेवला. मग २०२३ ची दुरुस्ती: निवडणूक प्राधिकरण, लोकपाल, आजारी संस्थांसाठी निधी. संघराज्य, घटनादुरुस्तीची पद्धत आणि ठेवीदाराची काळजी हे तिन्ही एका धाग्यात आलं. मुख्य परीक्षेच्या उत्तराला अगदी हीच बांधणी लागते.

केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या वित्त आयोगावरचा लेखही असाच. पंधराव्या आयोगाचे निकष आणि त्यांचे भार (उत्पन्नातील अंतर ४५, लोकसंख्या १५, क्षेत्रफळ १५, लोकसंख्या नियंत्रणातली कामगिरी १२.५, वने १०, करप्रयत्न २.५) कुठेही मिळतात. पण एवढा भार उत्पन्नाच्या अंतराला (राज्य जितकं गरीब तितका वाटा जास्त) दिला की बंगळूरसारखं शहर पोटात असलेल्या राज्याचं काय होतं, ते त्यांनी मांडून दाखवलं. या आयोगाच्या काळात विभाज्य करांतला कर्नाटकाचा वाटा ४.७१३ वरून ३.६४७ टक्क्यांवर आला. आमच्याकडे या विषयावर सभांमध्ये नुसता आरडाओरडा ऐकू येतो. इथे गणित होतं.

आता रडगाणं. माझ्या खोलीत गोकाकची एक मैत्रीण आहे, ती केपीएससी, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाची परीक्षा करते, कन्नड माध्यमातून. तिचं म्हणणं: “तुझं मासिक कोगनोळीच्या नाक्यावरच उतरतंय बघ.” कोगनोळी म्हणजे राज्याच्या सीमेवरचा नाका. चेष्टेत बोलली, पण नेमकं बोलली. नोव्हेंबरात आमच्या जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसला ऊस उत्पादकांचं मोठं आंदोलन झालं. मागणी टनाला ३,५०० रुपयांची, तडजोड ३,३०० वर झाली. मासिकात ओळभरही नाही. मी हे गावाभिमानाने म्हणत नाही. या एका बातमीत अख्खं ऊसदराचं अर्थशास्त्र होतं. २०२५-२६ चा केंद्राचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. मग शेतकरी त्याहून कमी का मागत होते? कारण केंद्राचा दर कारखान्याच्या दारातला, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. आंदोलकांना ते वजा जाऊन हातात पडणारे ३,५०० हवे होते. उत्तर प्रदेशासारखा राज्याचा वेगळा दर ना कर्नाटकात आहे ना महाराष्ट्रात. वर साखरेची किमान विक्री किंमत २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवरच, म्हणून कारखानेही हात वर करतात. केंद्र, राज्य, कारखाना, शेतकरी, चौघांचं चार दिशांचं ओढणं. असला विषय हातचा घालवायचा आणि त्याच अंकात पुरस्कारांची तीन पानी यादी द्यायची, हे मला पटत नाही.

योजनांचंही तेच. लाडकी बहीण योजनेच्या अटी, वयोमर्यादा, अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, सगळं तपशिलात. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचा उल्लेख एका तुलनात्मक तक्त्यात, तोही अर्ध्या ओळीचा. इकडे घरातल्या कर्त्या बाईला महिना २,००० आणि पलीकडे कागलला १,५००. कर्नाटकाच्या बसमध्ये मला शून्य तिकीट, आणि कोल्हापूरला एसटीने जायचं तर महाराष्ट्राच्या हद्दीत अर्धं. एकाच रस्त्यावर दोन सरकारांची दोन धोरणं शेजारी-शेजारी चालू आहेत. थेट रक्कम बरी की सेवा फुकट बरी, महसुली तुटीवर कुणाचा भार किती, हे लिहायला यापेक्षा सोयीचं उदाहरण कुठे मिळणार? संपादक एकदा निपाणीच्या स्टँडवर येऊन बसले तरी त्यांना दोन लेख सुचतील.

म्हादई नदीच्या पाणीतंट्यावर लेख आला होता. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला दिलेलं १३.४२ टीएमसी, घटनेचं कलम २६२, आंतरराज्य पाणीतंट्यांचा १९५६ चा कायदा, सगळं ठीक. पण म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी खानापूर तालुक्यातून मलप्रभेत वळवायचं आहे, आणि त्याच जंगलपट्टीतल्या लोकांचा त्याला विरोध आहे, हे कुठे नाही. लेखात कर्नाटक विरुद्ध गोवा एवढाच सामना.

आकड्यांबद्दल वर म्हटलं, त्याचं कारण. सप्टेंबरात जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीनंतर दरांचा तक्ता छापला: ५, १८ आणि निवडक वस्तूंना ४०. छान तक्ता. त्यात बिडी २८ वरून १८ टक्के, लागू २२ सप्टेंबर. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणारे एक काका आमच्या शेजारी राहतात, त्यांना मी उत्साहाने दाखवलं. “नाही गं बाळ, पानांचा कर उतरला, बिडीचा नाही अजून. तुझ्या पुस्तकाला सांग,” म्हणाले. परिषदेचं निवेदन उघडलं तर काकांचंच खरं. पानमसाला, सिगारेट, तंबाखू आणि बिडी यांचे नवे दर पुढे ढकलले होते, राज्यांच्या नुकसानभरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटेपर्यंत. तेंदूपानं मात्र त्या यादीत नव्हती, ती ५ टक्क्यांवर आली. बिडीला १८ टक्के १ फेब्रुवारी २०२६ पासून, हे डिसेंबरअखेरच्या अधिसूचनेने ठरलं. ॲपमध्ये नंतर गुपचूप दुरुस्ती झाली, छापील अंकात शुद्धिपत्र आलं नाही. ज्यांनी अंकच पाठ केला त्यांचं काय?

ॲप ठीकठाक. शोध चालतो, जुने अंक मिळतात. सराव चाचण्या मराठीतच आहेत. यूपीएससीच्या पूर्वची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत येते, तेव्हा त्या मी सोडून दिल्या. एमपीएससीवाल्यांना चालतील. छापील अंक पोस्टाने महिन्याच्या मध्यावर उगवतो, कधी त्याहून उशिरा.

सध्या माझी पद्धत अशी: मासिकातले फक्त मोठे लेख. तारखा-आकड्यांसाठी पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय), तिथे मराठी निवेदनंही असतात. विधेयकांसाठी पीआरएस या अभ्याससंस्थेचे सारांश, इंग्रजीत आहेत पण भाषा सोपी. जिल्ह्यासाठी रोजचा तरुण भारत. आणि कर्नाटकाच्या अर्थसंकल्पासाठी मैत्रिणीचं कन्नड वर्तमानपत्र, ती वाचून सांगते आणि बदल्यात मी तिला वित्त आयोग शिकवते. हा सौदा मासिकापेक्षा फायद्याचा पडलाय.

फक्त केपीएससी करणाऱ्यांनी वर्गणीच्या वाटेला जाऊ नये. तिथे माध्यम कन्नड किंवा इंग्रजी, आणि राज्याचे प्रश्न इथे सापडणार नाहीत. एमपीएससीला बसणाऱ्या सीमाभागातल्या मुलांनी जरूर घ्यावं, विशेषतः मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून. माझी वर्गणी ऑगस्टमध्ये संपते. पुढच्या वेळी छापील अंक बंद करून नुसतं ॲप घेणार आहे. एका वर्गणीत दोन फोन चालतात, तेव्हा अभ्यासिकेत कुणाशी निम्मे पैसे वाटून घेता आले तर तसंच करा.