12,650 रुपयांचा रेझिस्टर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. निपाणीत गेली 22 वर्षं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार नुसत्या आवाजावरून कुठं जळलीय ते सांगणारा माणूस मी. मला एका तिशीतल्या पोरानं तुटक्या वायरीच्या कामात 12,650 रुपयांना टोपी घातली. घरात मी 8,000 सांगितलेत, तेव्हा ओळखीचं कुणी वाचत असेल तर तोंड बंद ठेवा.

गाडी केए-23 पासिंगची, सेकंडहँड, 2018 ची. ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली 1 जुलै 2019 पासून. माझी त्याआधीची, म्हणजे एअरबॅगवालं मॉडेल मी मुद्दाम शोधून जास्त पैसे मोजून घेतलं होतं. का, तर तवंदी घाटातनं आठवड्याला दोन फेऱ्या असतात.

डिसेंबरात डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा लागला. आधी अधूनमधून, मग कायमचाच. त्याच सुमारास हॉर्नचं तंत्र बिघडलं. स्टिअरिंग सरळ असलं की वाजायचा, डावीकडं वळवलं की मुका. ही दोन दुखणी एकच आहेत हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कंपनीच्या वर्कशॉपनं 12 दिवसांनंतरची तारीख दिली. लेक बाळंतपणानंतर माहेरी होती, तिला आणि बाळाला चार दिवसांत बेळगावला सासरी पोचवायचं होतं. तेवढ्यात कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवर जाहिरात दिसली. ‘एअरबॅग लाइट बंद करून मिळेल. सर्व गाड्या. 30 मिनिटे.’ आता नीट वाचा. बंद करून मिळेल. दुरुस्त करून मिळेल असं त्यानं कुठंच लिहिलं नव्हतं. मी मात्र तसंच वाचलं.

दुकान सीमेपलीकडं, हायवेलगत. निपाणीकराला त्यात वावगं वाटत नाही, दवाखान्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत आम्ही कोल्हापूरच्याच बाजूला जातो. फोनवर म्हणाला, “पावणं, पार्ट मागवाय लागतोय, पाच हजार टाका.” दुकानात बसल्या बसल्या 5,000 टाकले. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो. त्यानं स्कॅनर लावला, स्क्रीन माझ्याकडं वळवली. ड्रायव्हर एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स हाय, म्हणजे वायरीत कुठंतरी अडथळा. हे खरं होतं. अशा लोकांची सुरुवात खरीच असते. मग हिशेब सांगितला: स्कॅनिंग 500, ओरिजिनल क्लॉक स्प्रिंग 6,800, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) प्रोग्रॅमिंग 3,500, मजुरी 1,200. एकूण 12,000.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगच्या मागं असलेली, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी. स्टिअरिंग फिरतं तशी ती सैल होते, आवळते. फिरत्या चाकातल्या एअरबॅगला आणि बहुतेक गाड्यांत हॉर्नलाही तिच्यातूनच वायरी जातात. पट्टीला चीर गेली की दोन्ही बिघडतात.

मी जवळ उभा राहिलो तर म्हणाला, “मालक, बॅग फुटली तर तोंडावर येईल. भाईर चहा घ्या.” मला ते पटलं. बॅगेच्या आत फटाक्यासारखी स्फोटक दारू असते, साधा मल्टीमीटर लावला तरी धोका असतो, हे मी वाचलं होतं. माझ्या माहितीचाच त्यानं उपयोग करून घेतला. पक्कं बिल मागितलं तर “जीएसटी लावावा लागंल की.” दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला ही भाषा लगेच कळते. मी गप्प बसलो. कॅलेंडरच्या पानामागं आकडे लिहून दिले, तेच बिल.

35 मिनिटांत गाडी तयार. चावी फिरवली. लाल दिवा लागला, पाच-सहा सेकंदांनी विझला. जसा विझायला हवा तसाच. त्याच दिव्याच्या शेजारी घड्याळ होतं. 4:20. मी मनगटावर बघितलं, तिथंही 4:20. लग्नाला जायचं होतं म्हणून वेळ बघितली आणि 7,000 रोख मोजून निघालो.

त्या 4:20 वर मी आज रात्री-रात्री जागतो. एअरबॅगला हात लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि कंपनीनं सांगितलेली मिनिटं थांबायचं, हा या कामाचा पहिला नियम. निगेटिव्ह काढली की माझ्या गाडीचं घड्याळ 12:00 वर जातं. बॅटरी बदलली तेव्हा मीच ते लावलं होतं. आणि इथं मिनिटाचाही फरक नाही! म्हणजे निगेटिव्ह काढलीच नव्हती, नाहीतर त्यानं माझ्यासाठी घड्याळ मिनिटावर जुळवून ठेवलं होतं. मी त्या घड्याळाकडं बघत होतो. वेळ दिसली, तेवढंच दिसलं.

दुसरी खूण त्याहून ठळक. घरी येताना डावीकडं वळलो, हॉर्न मुकाच. फोन केला. “हॉर्नचं येगळं हाय मालक, रिले गेलाय, 650 टाका, कुरिअरनं पाठवतो.” क्लॉक स्प्रिंग नवी आणि हॉर्न जुन्यासारखाच डावीकडं बंद, हे होऊच शकत नाही. रिले म्हणजे हॉर्नला करंट देणारा स्विच, तो गेला तर हॉर्न सगळीकडंच जाईल, रिलेला डावं-उजवं काय कळतंय? हे मी माझ्या दुकानातल्या पोराला रोज शिकवतो. तरी 650 टाकले. रिले आला, बसवला, काही फरक नाही.

माझी बाजू एवढीच. घरात बाळंतीण, दुकानात गर्दी, उसाचा हंगाम, शेतकरी दारात. आणि दिवा विझला होता. दिवा विझला की मन निवांत होतं.

तवंदी घाटात लेक आणि नातू मागच्या सीटवर. पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, गाणी फुल्ल. डाव्या वळणावर मागनं एका ट्रकनं रेटलं, मी हॉर्न दाबला. काही नाही. दाबत राहिलो. काही झालं नाही, वाचलो. पण लेकीला सोडून परत फिरलो तो सरळ बेळगावातच उद्यमबागकडच्या एका ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं.

त्यानं आधी चाकं सरळ केली. निगेटिव्ह काढून चहा मागवला, चहा पिऊन झाला तरी हात लावला नाही. मग स्टिअरिंगच्या खालचं कव्हर उघडलं. पिवळ्या कनेक्टरमध्ये काळ्या टेपचा एक गोळा. त्यानं ब्लेडनं टेप सोलली आणि आतला रेझिस्टर, करंटला ठरावीक अडथळा करणारा बारका पार्ट, न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. वरच्या पट्ट्या लाल, लाल, सोनेरी, सोनेरी. 2.2 ओहम. असले रेझिस्टर माझ्या दुकानात बिस्किटाच्या डब्यात पडलेले असतात, दोन रुपयांना एक.

एअरबॅगच्या सर्किटला साधारण दोन-तीन ओहम दिसले की ईसीयू समजतो बॅग जागेवर आहे. बॅग सर्किटमधून बाहेर आणि रेझिस्टर तिच्या जागी. धडक झाली असती तर तो रेझिस्टर जळला असता, बॅग उघडली नसती. क्लॉक स्प्रिंग माझीच जुनी होती, वर पुसली सुद्धा नव्हती.

इलेक्ट्रिशियन जे बोलला ते जास्त लागलं. “काका, ही पद्धत चुकीची न्हवं. तपासायला असंच लावतात. बॅगेच्या जागी रेझिस्टर लावून स्कॅनरवरचा दोषाचा कोड गेला तर बॅग खराब. न्हाई गेला तर क्लॉक स्प्रिंगच्या खाली लावायचं, तिथं गेला तर स्प्रिंग खराब.” म्हणजे त्या पोराला दोष बरोबर सापडला होता! स्प्रिंग बदलायचीच तेवढी बाकी होती. पैसे तर घेतलेच होते.

नवी क्लॉक स्प्रिंग 3,900, मजुरी 600. पक्क्या बिलासकट. हॉर्न दोन्हीकडं वाजतो. जुना पार्ट त्यानं न मागता पिशवीत घालून दिला. तुम्ही मागून घ्या. जुना पार्ट द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडनं गाडी लगेच बाहेर काढा.

आता सरकारी दारं. आमच्या बाजूच्या ठाण्यात गेलो. मराठीत लिहिलेला अर्ज बघून म्हणाले, “कन्नडदल्लि बरेदु कोडि.” कोर्टाबाहेर 150 देऊन कन्नडमध्ये टाइप करून आणला. वाचून म्हणाले, काम महाराष्ट्रात झालंय, तिकडं जावा. तिकडं गेलो. तिथं म्हणाले, गाडी केए, पैसे तुम्ही कर्नाटकात बसून पाठवलेत, तिकडं जा. आणि हा अर्ज कन्नडमध्ये का? परत इकडं. इथले साहेब बदललेले. त्यांनी रेझिस्टर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, “ॲक्सिडेंट झाला काय?” नाही. “कुणाला लागलं?” नाही. “मग तक्रार कशाची?” आता माझ्या नातवाचं डोकं फुटल्यावर येऊ काय यांच्याकडं? तीन चकरा, तीन दिवस दुकान बंद, आणि शेवटी काय, तर सिव्हिल मॅटर. सीमाभागात आम्ही मतं द्यायला एका राज्याचे आणि तक्रार घेऊन गेलो की कुठल्याच राज्याचे नाही.

वकील भाच्यानं नंतर सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात ती. मला हे माहीत नव्हतं, त्यांना असावं. ग्राहक आयोगातही 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही. आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पैसे रोख देऊ नका, माझे 7,000 कागदावर कुठंच नाहीत, कॅलेंडरच्या पानाशिवाय. आणि काम झाल्यावर दिव्याकडं बघू नका. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवून हॉर्न दाबा. चावी फिरवल्यावर दिवा काही सेकंदसुद्धा लागला नाही तर बहुतेक कुणीतरी त्याची वायरच कापलीय, ती वेगळी लबाडी.

बेळगावच्या आयोगात कागद दिलेत. रेझिस्टर पुरावा म्हणून पुडीत घालून गल्ल्याशेजारी ठेवला होता. परवा मी जेवायला गेलो असताना कुणी गिऱ्हाईक 2.2 चा मागायला आलं, डब्यात संपले होते, म्हणून दुकानातल्या पोरानं ती पुडी उघडली होती. मी वेळेवर पोचलो. तो दोन रुपये मागत होता.