उबुंटूवरचे मराठी फॉन्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकाची अक्षरजुळणी मी गेले आठ महिने उबुंटू २२.०४ या लिनक्स संगणकप्रणालीवर, लिब्रेऑफिस या लेखन-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो आहे. या काळात नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता, तिरो देवनागरी मराठी आणि आयआयटी मुंबईची शोभिका असे चार फॉन्ट मी वापरले. चारही विनामूल्य आहेत आणि मुक्त परवान्याचे असल्यामुळे छापील अंकात निर्धास्तपणे वापरता येतात.

फॉन्ट बसवणे सोपे आहे. उतरवून घेतलेली फॉन्टची झिप फाइल उघडून आतल्या फाइलवर दोनदा क्लिक केले की नमुना दिसतो आणि वरच्या कोपऱ्यातले बटण दाबले की काम होते. फाइल आपल्या होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’ (.local/share/fonts) या लपवलेल्या फोल्डरात जाते, म्हणजे फॉन्ट फक्त आपल्या खात्यापुरता बसतो. संगणक अनेकांच्या वापरात असेल तर फाइली ‘यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स’ (/usr/local/share/fonts) मध्ये ठेवून ‘एफसी-कॅश’ (fc-cache) ही फॉन्टची यादी ताजी करणारी आज्ञा टर्मिनलमध्ये चालवावी. फॉन्ट यादीत दिसला नाही, तर उघडा असलेला प्रोग्रॅम आधी बंद करून पुन्हा सुरू करावा.

खरी कसोटी पुढे लागते. पहिल्या अंकाच्या मुद्रितात मजकुरातला ‘ल’ मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा होता. शीर्षकातला मात्र हिंदी वळणाचा उमटला होता. ‘श’चेही तेच झाले होते. फॉन्ट दोन्हीकडे नोटोच होता. शोधल्यावर कारण कळले: मराठी वळणाची अक्षरे फॉन्टमध्ये असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठरवलेली असेल तरच ती वापरली जातात, आणि माझ्या शीर्षकाच्या शैलीत भाषा हिंदी राहिली होती. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट व भाषा रोमनपासून वेगळी ठरवावी लागते, म्हणून प्रत्येक परिच्छेदशैली उघडून ती तपासावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेविषयक निर्णयातही आहेत. मुलांच्या हाती जाणाऱ्या अंकात ही अक्षरे चुकू नयेत असे मला मनापासून वाटते. तिरोचा मराठीसाठीचा फॉन्ट वेगळाच असल्याने त्यात ही वळणे मुळातच मिळतात, आणि दीर्घ लेखांसाठी आता मी तोच वापरतो.

दुसरी अडचण ठळक अक्षरांची आली. नोटोच्या झिपमध्ये एक व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या जाड्या एकातच सामावणारी, फाइल असते आणि ‘स्टॅटिक’ फोल्डरात प्रत्येक जाडीची वेगळी फाइल असते. मी पहिली बसवली. पडद्यावर शीर्षके ठळक दिसली, पण पीडीएफमध्ये ती साधी झाली. पीडीएफमध्ये व्हेरिएबल फॉन्ट अंतर्भूत करण्याची सोय लिब्रेऑफिसच्या ७.५ आवृत्तीपासून आली आणि माझी आवृत्ती ७.३ होती, हे मी आधी पाहायला हवे होते. व्हेरिएबल फाइल काढून स्टॅटिक फाइली बसवल्यावर छपाई निर्दोष झाली.

‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये मी आधी टंकून पाहतो. चारही फॉन्ट त्यात उतरले.

जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारी युनिकोड पद्धत न वापरणाऱ्या) फॉन्टमधल्या फाइलींचा प्रश्न मात्र नवा फॉन्ट बसवून सुटत नाही, कारण त्यांत देवनागरीच्या जागी रोमन चिन्हे साठवलेली असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ओळीओळीने तपासावा लागतो. आमच्या तीन जुन्या अंकांचे ते काम अजून चालू आहे.