फोंड्यातली सुगंधी पार्टी आणि माझी मोगऱ्याची वडी

श्रावणात मावशीच्या घरी सुगंधी वस्तूंची पार्टी झाली. विकणारी ताई वाड्यातलीच. चहा-चकली झाल्यावर तिने मेणाच्या वड्या हातोहात फिरवल्या. घाई नाही, गळ घालणं नाही. मला सुरंगी हवी होती, ती नव्हती; मोगरा घेतला.

या वडीला वात नाही, ज्योत नाही. ती विजेच्या छोट्या दिव्यावरच्या वाटीत ठेवायची. बल्बच्या उबेने वडी वितळते आणि वास पसरतो. घरात रांगता नातू आहे, म्हणून मला हे फार पटलं. वास उडाला तरी मेण तसंच उरतं. ते कोमट असताना कापसाने टिपायचं आणि नवी वडी ठेवायची. पावसाळ्यात कपाटांना येणारा कुबट वास मात्र यानं नुसता दबतो, जात नाही. त्याला ऊन आणि हवाच लागते.

पुढची खरेदी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात, दुसऱ्याच एका स्टॉलवर केली. सुक्या मासळीच्या आणि चोरिसांच्या (डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजच्या) वासात मोगरा नीट हुंगताच येईना. घरी आणल्यावर तो नुसता गोडसर निघाला, वेष्टनावर घटकही नव्हते. आता मी ताईकडूनच घेते, घरी बसून, हुंगून. चवथीच्या आधी गवती चहाच्या वड्या सांगून ठेवल्यात.