रूम बघितली, माणूस बघितला, चावी पण हातात घेतली, तरी म्युनिकमध्ये १८७० युरोला फसलो

आधीच सांगतो, मी रूम न बघता पैसे पाठवणाऱ्यातला नाही. "मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल" असले मेल मला कराडला असतानाच चार आले होते आणि चारही मी हसत हसत डिलीट केले होते. जर्मनीला शिकायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर दुसऱ्यांना शहाणपण पण शिकवलं होतं की बाबांनो, रूम प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही. म्हणून हे लिहायला जरा लाज वाटतेय, पण दरवर्षी सप्टेंबर आला की त्याच ग्रुपवर तेच प्रश्न बघतो आणि राहवत नाही.

मी १४ सप्टेंबर २०२३ ला शिकायला म्हणून म्युनिकला उतरलो. तारीख लक्षात आहे कारण दोन दिवसांनी, १६ तारखेला, ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे इथला बिअरचा मोठा उत्सव, सुरू झालं. नाव ऑक्टोबरफेस्ट पण सुरू होतं सप्टेंबरमध्ये, हे मला तिकीट काढताना माहीतच नव्हतं, इथले लोक त्याला विझ्न म्हणतात. त्या दोन-अडीच आठवड्यांत अख्खी दुनिया म्युनिकला येते आणि हॉस्टेलमधल्या एका बंक बेडचा रेट असा काही होतो की मी वेबसाईट तीनदा रिफ्रेश करून बघितली, म्हटलं एक शून्य चुकून जास्त पडलाय का. विद्यार्थ्यांच्या सरकारी हॉस्टेलसाठी अर्ज केलेला होता पण तिथली वेटिंग लिस्ट सेमिस्टरमध्ये मोजतात, आठवड्यात नाही. त्यामुळे एका सीनिअरच्या मित्राच्या रूमवर, फ्राइमानला, फरशीवर गादी टाकून राहिलो. तेलुगू मुलगा, माझी त्याची आधीची काही ओळख नाही, तरी रोज सकाळी स्वतःच्या भातातला अर्धा भात माझ्यासाठी काढून ठेवायचा. पण त्यालाही पाहुणा ठेवायची परवानगी नव्हती, हाऊसमास्टर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल बघणारा माणूस, दिसला की मी जिन्यात जाऊन उभा राहायचो.

पैशाचं गणित असं की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, तेव्हा ११,२०८ युरो भरावे लागायचे, म्हणजे जवळपास दहा लाख रुपये, आणि ते सगळे एकदम हातात येत नाहीत, महिन्याला ९३४ सुटतात. ते सुटायला सुद्धा माझ्या केसमध्ये इथलं बँक खातं हवं होतं, बँकेला आनमेल्डुंग हवं होतं आणि आनमेल्डुंगला घर हवं होतं. आनमेल्डुंग म्हणजे मी या पत्त्यावर राहतो अशी सरकारदरबारी नोंदणी, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक फॉर्म लागतो ज्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हा शब्द मला आता झोपेत पण म्हणता येतो. तोपर्यंत माझ्याकडे फक्त फॉरेक्स कार्डवरचे अडीच हजार युरो होते.

आता इथे माझी पहिली चूक. सगळे सांगत होते की आनमेल्डुंग दोन आठवड्यांत करायचं, नाहीतर दंड. मी ते दोन आठवडे विमानातून उतरल्यापासून मोजत होतो, म्हणजे २८ सप्टेंबर. प्रत्यक्षात नियम असा आहे की घरात राहायला गेल्यापासून दोन आठवडे. एवढी एक ओळ कोणी नीट सांगितली असती किंवा मी स्वतः वाचली असती तरी निम्मी घाई गेली असती. पण मी रोज रात्री मोबाईलवर दिवस मोजत बसायचो. १९ ला गणपती बसले, घरून व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली, आईने विचारलं खोलीचं काय झालं, मी म्हटलं झालंच आहे जवळपास. काहीच झालं नव्हतं. ऐंशीच्या वर मेसेज पाठवले होते, उत्तरं आली होती सहा.

त्या सहातलं एक उत्तर हिंदीत होतं. माझं नाव बघून समोरच्याने सरळ हिंदीत लिहिलं, भाई आप इंडिया से हो ना. नॉयपेरलाखला एक खोली, स्वतंत्र किचन, फर्निचर सकट, सहा महिन्यांसाठी. तो स्वतः स्पेनला इंटर्नशिपला चाललाय, परत येईपर्यंत कुणीतरी भरवशाचा माणूस हवाय. कोल्ड रेंट, म्हणजे नुसतं भाडं, ५९०, आणि वॉर्म रेंट, म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे धरून, ६९०. म्युनिकसाठी हे स्वस्त आहे हे मला कळत होतं, पण 'शक्यच नाही' म्हणण्याइतकं स्वस्त नव्हतं. आता वाटतं आकडा तोच विचार करून ठरवलेला असणार. ४०० लिहिलं असतं तर मी पण हसून सोडून दिलं असतं.

शुक्रवारी, २२ ला, बघायला गेलो. नॉयपेरलाख म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात बांधायला घेतलेली मोठमोठ्या ब्लॉक्सची वसाहत, दिसायला आपल्या म्हाडाच्या मोठ्या भावासारखी. तो खाली घ्यायला आला, तिशीचा असेल, अंगात जाकीट, हातात दुधाची पिशवी. ती पिशवी मला अजून आठवते कारण तिच्यामुळेच तो तिथे राहतो हे मला कुठेतरी पटलं. वर गेलो, खोली फोटोत होती तशीच. चहा केला त्याने. दोन वर्षं पुण्यात होतो म्हणाला, हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या, बाकरवडी कुठली चांगली यावर आमची चर्चा झाली. आठ दिवस मी कुणाशी मोकळं बोललो नव्हतो हो. त्या चहानंतर त्याने मागितलं असतं तर मी किडनी पण काढून दिली असती.

खाली येताना मी एक गोष्ट बघितली आणि विचारली सुद्धा. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी फ्लॅटला नंबर नसतो, दारावरच्या बेलपाशी आणि टपालपेटीवर आडनाव असतं, पोस्टमन त्या आडनावावरूनच टपाल टाकतो. त्याच्या बेलवर भलतंच जर्मन आडनाव होतं. तो हसला, म्हणाला आधीच्या भाडेकरूचं आहे, इथले लोक आळशी, बदलत नाहीत, तू आलास की तुझं लावून टाकू. मी पण हसलो.

बस. त्या नावाच्या पाटीपाशीच थांबलो असतो तर माझे १८७० युरो वाचले असते. जो माणूस वर्षभर त्या घरात राहतो त्याचं टपाल येणार कुठे मग? बँकेची पत्रं, इन्शुरन्सचं कार्ड, टॅक्स नंबर, इथे अजून सगळं कागदावर पोस्टाने येतं. मालकाची परवानगी आहे का हे मी विचारलंच नाही असं नाही, विचारलं, तो म्हणाला आहे आणि मी मान डोलावली. पोटभाडेकरू ठेवायला मालकाची संमती लागते, ती लेखी मागायला पाहिजे होती, मालकाचं नाव आणि त्या बेलवरचं नाव समोरासमोर ठेवून बघायला पाहिजे होतं, खालच्या मजल्यावर एक बेल वाजवून विचारायला पाहिजे होतं. आपल्याकडे नवीन जागा घेताना आपण वॉचमनला, शेजारच्या काकूंना, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारतोच ना, तिथे जाऊन मला कसली एवढी शिष्टाचाराची बाधा झाली काय माहीत. जर्मन लोकांना डिस्टर्ब केलेलं आवडत नाही असं कुठेतरी वाचलं होतं, ते डोक्यात पक्कं.

त्याने सांगितलं अजून तिघे बघून गेलेत, सोमवारपर्यंत फिक्स कर. पासपोर्टची कॉपी, अ‍ॅडमिशन लेटर, ब्लॉक्ड अकाउंटचं कन्फर्मेशन सगळं मागितलं, मी सगळं पाठवलं. त्यानेही स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवला, त्यामुळे बरोबरी झाल्यासारखं वाटलं. पैसे कॅश, कारण स्पेनला जाण्याआधी खातं बंद करतोय. एक महिन्याचं भाडं ६९० आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट ११८०. कार्डाला रोजची लिमिट होती म्हणून शनिवार, रविवार, सोमवार एटीएमच्या वाऱ्या केल्या, दर वेळी फी गेली ती वेगळी. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटइतकंच घेता येतं आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत द्यायचा कायद्याने हक्क आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होतं तेव्हा, हे मला नंतर कळलं. सोमवारी त्याच फ्लॅटवर करारावर सह्या झाल्या, पैसे मोजून घेतले, पावती दिली, आणि मालकाच्या सहीचा म्हणून तो लांबलचक नावाचा फॉर्म सुद्धा दिला. चावी पण दिली. दार त्याने त्याच्या चावीने उघडलं होतं आणि मला दिलेली चावी दिसायला अगदी तशीच होती. लावून बघायची बुद्धी झाली नाही, घरात तो बसलेला असताना त्याच्यासमोर चावी कशी लावून बघायची असं वाटलं.

१ ऑक्टोबर, रविवार. इथे रविवारी सगळं बंद असतं, आणि बिल्डिंगमध्ये एवढी शांतता की बॅगेची चाकं वाजवायला पण भीती वाटते. दोन बॅगा, पाठीवर सॅक आणि वर प्रेशर कुकरचा बॉक्स घेऊन ओडिओन्सप्लाट्झला गाडी बदलून पोचलो. मेट्रोत विझ्नला निघालेले सगळे चामड्याच्या पारंपरिक चड्ड्यांमध्ये, सकाळी सकाळीच गात होते, एकाने माझ्या कुकरकडे बघून टाळ्या वाजवल्या. बिल्डिंगचं दार कुणीतरी बाहेर पडताना उघडलं म्हणून आत शिरलो, वर गेलो, चावी लावली. आत शिरलीच नाही. उलटी करून बघितली, मजला चुकला का म्हणून वरखाली करून आलो. त्याला फोन, बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक, डीपी गायब.

मी जिन्यात बसलेलो असताना लिफ्टमधून एक मुलगी उतरली, ब्राझीलची, मोठी बॅग, हातात सेम चावी. आम्ही दोघांनी एकमेकांच्या चावीकडे बघितलं आणि ती रडायलाच लागली. मला रडू आलं नाही, पोटात कसंतरी झालं फक्त. अर्ध्या तासाने अजून एक जोडपं आलं. तिसरी चावी. तेव्हा मात्र मला हसायला आलं आणि ते जोडपं मला वेडा समजलं असणार.

आमचा आवाज ऐकून खालची एक म्हातारी वर आली. रागावेल वाटलं, तिने आधी आम्हाला पाणी दिलं. माझ्या मोडक्या ए-टू, म्हणजे नवशिक्या पातळीच्या, जर्मनमध्ये जेवढं कळलं ते असं की हा फ्लॅट मालक टुरिस्टना दिवसावर भाड्याने देतो, विझ्नच्या वेळी तर दर आठवड्याला नवीन माणसं. बेलवरचं नाव मालकाचं. म्हणजे आमच्या भाईने तो काही दिवस भाड्याने घेतला, दुधाची पिशवी आणली, चहा केला, आम्हा सगळ्यांना एकेक वेळ देऊन दाखवला आणि गेला. म्हातारी म्हणाली बेल वाजवून मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तिच्या बेलपासून मी शुक्रवारी दोन फुटांवर उभा होतो.

पोलीस चौकीत आम्ही चौघं एकत्र गेलो. तक्रार नीट लिहून घेतली, फाईल नंबर दिला, वागणूक चांगली. पण पोलिसाने कॅश म्हटल्यावर पेन खाली ठेवलं, तेव्हाच मी समजलो. पासपोर्टचा फोटो त्याला दाखवला तर तो म्हणाला हा बहुतेक असाच कुणाचा तरी असेल, आणि तुझा आता पुढच्याला दाखवायला वापरतील, म्हणून तसंही तक्रारीत लिहून ठेव. पैसे गेल्यापेक्षा मला त्या वाक्याचा त्रास जास्त झाला. माझा फोटो, आईबाबांची नावं, कराडचा पत्ता दाखवून कुणीतरी अजून कुणाला तरी लुटतंय. तेव्हापासून कुणालाही कॉपी पाठवली की त्यावर आडवं लिहितो, कुणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला.

तो फॉर्म घेऊन मी नोंदणी केली नव्हती हे नशीब. अपॉइंटमेंट पुढची मिळाली होती. खोट्या पत्त्यावर नाव लागलं असतं तर सगळं टपाल तिकडे, आणि वर खुलासे मी देत बसलो असतो. यावरून आठवलं, फसल्यावर आठवड्याभरात मला एकाने दीडशे युरोत "फक्त आनमेल्डुंग" देतो म्हणून विचारलं. राहायचं नाही, फक्त पत्ता विकत. तसं करणं बेकायदा आहे आणि पत्ता विकणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. खरं सांगतो, मी दोन दिवस त्यावर विचार केला होता.

घरी तीन आठवडे सांगितलं नाही. १८७० म्हणजे एक लाख पासष्ट हजाराच्या आसपास, आणि ते एज्युकेशन लोनचे. शेवटी सांगितलं तेव्हा बाबा गप्प राहिले आणि मग विचारलं, "चहा तरी चांगला केला होता का त्यानं?" मला वाटलं आता ओरडतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्यावर पन्नास हजार टाकले, कुठून आणले ते अजून सांगितलं नाहीये.

मी परत त्याच फरशीवरच्या गादीवर गेलो. तेलुगू मित्राने काही विचारलं नाही, भात जास्त लावला. विद्यार्थ्यांना इथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, तिथे गेलो, त्यांनी खरं तेच सांगितलं की आशा ठेवू नकोस, आणि खोलीच्या अर्जांवर नजर टाकून दिली, जे मला जास्त उपयोगी पडलं. नोव्हेंबरमध्ये मोसाखला एका शेअर्ड फ्लॅटमध्ये रूम मिळाली, मालकाशी करार, पैसे बँकेतून. फेब्रुवारीत सरकारी वकिलाच्या ऑफिसचं पत्र आलं, आरोपी सापडला नाही म्हणून तपास थांबवतोय. बँकेतून पाठवले असते तरी परत मिळालेच असते असं नाही, पण निदान एक खातं, एक धागा असता. आता ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांमधल्या बँका ट्रान्सफर करताना खातं आणि नाव जुळतं का ते दाखवतात, तेवढं एक बरं झालंय. नाव जुळत नाही असं आलं तर "त्याचं खातं बंद होतंय म्हणून बायकोचं दिलंय" वगैरे ऐकत बसू नका.

मागच्या महिन्यात नाशिकच्या एका ज्युनिअर मुलीचा फोन आला, दादा गीझिंगला रूम मिळतेय, मी अजून भारतात आहे, तू बघून येशील का. गेलो. बेलवरचं नाव जुळत होतं, टपालपेटीवरचं पण जुळत होतं, चावी तीनदा लावून बघितली, शेजारच्या आजोबांना विचारलं, ते म्हणाले ही बाई नऊ वर्षं इथे राहते. तरी मी मालकाचं लेखी संमतीपत्र मागितलं. बाई म्हणाली दोन दिवसांत देते, आणि दोन दिवसांत तिने रूम दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली. ज्युनिअरने फोनवर "ठीके दादा" एवढंच म्हटलं, पण मला माहितीये ती मला शिव्या घालतेय.